टॅबचं मौनव्रत

बुटांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. रांग जिन्यावरून खाली उतरून पार दुकानातल्या चपलांच्या रॅकपर्यंत आली होती, आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या छातीशी एकेक जुना टॅब. कोणी टॉवेलात गुंडाळलेला, कोणी उशीच्या अभ्र्यात घातलेला. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी तर आपल्या टॅबला चक्क लोकरीचं टोपडं विणलं होतं! "गारठला की आणखी मंद होतो हो," त्या पुढच्याला सांगत होत्या, आणि पुढचाही अगदी गंभीरपणे मान डोलावत होता.

हॉलच्या टोकाला व्यासपीठ. त्यावर लांबलचक फळी, फळीवर ओळीने मांडलेले टॅब. प्रत्येकाला चार्जर लावलेला आणि प्रत्येकावर पांढरं फडकं घातलेलं. या फळीला फळी म्हणायचं नाही, 'मौनपीठ' म्हणायचं. आणि मौनपीठाच्या मधोमध साक्षात स्पंदनगुरू! अंगात पायघोळ पांढरा झगा, कपाळावर पट्ट्याने बांधलेला निळा दिवा आणि हातात एक दोन दातांचा चिमटा, आपटला की 'टण्ण' वाजणारा. मागच्या वर्षापर्यंत हेच गृहस्थ बसथांब्यासमोर मोबाइलची कव्हरं विकत बसायचे. पण एकदा झगा चढला की मागचं कोण विचारतो?

"भक्तहो!" गुरूंनी टण्ण वाजवलं. "अपडेट म्हणजे काय? जुन्या देहात नव्या आत्म्याची घुसखोरी! जुना म्हणतो, मी निघणार नाही. नवा म्हणतो, मी बसल्याशिवाय राहणार नाही. आत दोघांची ढकलाढकली चाललीय, आणि तुम्ही बिचारे बाहेरून बोटं आपटताय! उपाय एकच. दोन रात्रींचं मौनव्रत, आणि मग मुक्ती! डोळे मिटा. म्हणा, हम्म्म्म..."

"हम्म्म्म..." सगळा हॉल गुणगुणायला लागला. गुरूंचे दोन्ही हात फडक्याखाली गेले, आत काहीतरी खुडबुड झाली, पुन्हा टण्ण वाजलं आणि फडकं दूर झालं.

"पाववाले काका, पुढे या! लावा बोट!"

पाववाले काका बिचकत पुढे आले. या काकांना सगळं गाव ओळखायचं. चार वर्षांपूर्वी रात्रभर लावून ठेवलेल्या एका चार्जरने त्यांच्या बेकरीत आग लागली होती, आणि तेव्हापासून गावात एक नेमच पडून गेला होता. झोपायच्या आधी घरातलं प्रत्येक यंत्र बंद करायचं आणि पिन उपटून ठेवायची. लहान मुलं दात घासतात तशी इथली मोठी माणसं पिना उपटायची.

काकांनी बोट लावलं. टॅब असा सुसाट उघडला की काका दचकून मागे सरकले. टाळ्यांचा कडकडाट! शिट्ट्या! एका आजोबांनी आनंदाने टोपी उडवली, ती पंख्यात अडकून गरगरायला लागली आणि लोकांना तोही चमत्कार वाटला.

"पण गुरुजी," काका टॅब चाळत हळूच म्हणाले, "माझ्या नातीचे फोटो कुठं गेले? जन्मल्यापासूनचे सगळे यातच होते."

"आसक्ती, काका, आसक्ती!" गुरू गोड हसले. "तिच्याच ओझ्याने वाकला होता बिचारा. आता मुक्त झाला!"

टाळ्या आणखी वाढल्या. काकांनीही चार टाळ्या वाजवल्या, पण त्यांचा चेहरा पडला होता. हे मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या एका बाईंनी बरोबर टिपलं. या गावच्या जनावरांच्या डॉक्टरबाई. अंगाला कुत्र्यांच्या औषधाचा वास, कपाळावर आठी. त्या आपणहून आल्या नव्हत्या. त्यांच्या आत्याने त्यांना ओढत आणलं होतं.

"बघितलंस?" आत्या कुजबुजली. "आपण दादाचा टॅब इथं ठेवू या. नुसतं त्याचं गुप्त नाम सांगायचं."

"गुप्त नाम म्हणजे?"

"अगं, तो उघडताना आकडे दाबतो ना, ते."

"आत्या," डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्याला पासवर्ड म्हणतात. आणि तो अशा माणसाला सांगण्याला काय म्हणतात, ते मी तुला घरी गेल्यावर सांगते."

आणि त्यांनी आत्याला हाताला धरून जिना उतरवला.

आता यात डॉक्टरबाईंचा जीव एवढा का अडकला होता, ते सांगायला हवं. त्यांचे वडील अप्पा, म्हणजे आत्याचे दादा, फळबाजारात लिलाव पुकारायचे. अख्खी हयात आवाजावर काढलेला माणूस! अप्पांनी "बोला, बोला!" म्हटलं की बाजाराच्या त्या टोकाला झोपलेला हमाल उठून बसायचा. पुढे गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, आवाज जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हा दवाखान्यातल्या एका बाईंनी सुचवलं की आवाज आहे तोवर रोजचे शब्द टॅबमध्ये भरून ठेवा. मग काय! अप्पांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि बोलत सुटले. 'पाणी', 'भूक', 'पंखा लाव' इतकं तर भरलंच. पण 'चहात साखर घालायला हात दुखतो का?' हेही भरलं. बहिणीला चिडवायची वाक्यं भरली, लेकीला रागवायची भरली, लिलावाची हाळीही भरली. ऑपरेशननंतर पडद्यावरच्या त्या त्या शब्दाच्या चौकोनावर बोट ठेवलं की टॅबमधून अप्पांचाच आवाज यायचा, ठणठणीत. घर पुन्हा बोलतं झालं होतं.

आणि मग ते अपडेट आलं. गावातल्या वाचनालयाने कधीतरी आपले जुने टॅब वाचकांना वाटले होते, त्यामुळे घरोघरी एकाच जातीचे टॅब. सगळ्यांवर एकाच दिवशी निरोप झळकला, 'नवे, वेगवान, सुरक्षित!' सगळ्यांनी हौसेने 'आत्ता' दाबलं आणि दुसऱ्या दिवशी अख्खं गाव मंदावलं.

बाकीच्यांच्या घरी फार तर सिनेमा अडकत होता. अप्पांच्या घरी भलताच तमाशा! अप्पांनी 'पाणी' दाबावं, टॅबने ढिम्म हलू नये. त्यांनी वैतागून चार ठिकाणी बोटं आपटावीत, आणि सगळे शब्द आत साठून राहून भलत्या वेळी एकामागून एक बाहेर पडावेत. आत्याने "अंघोळीला पाणी काढू का?" विचारावं आणि टॅबने "त्यात मीठ कमी आहे" म्हणावं.

एका रविवारी तर कहर झाला. शेजारचे कुलूपवाले आपल्या मुलीचं लग्न ठरलं म्हणून सांगायला आले. सोबत मुलगी, होणारा जावई आणि जावयाची आई. दुपारभर अप्पा सवंगड्यांना जुन्या लिलावाची हाळी ऐकवायचा प्रयत्न करत होते, टॅबने दाद दिली नव्हती. नेमकं कुलूपवाल्यांनी "हे आमचे जावई" म्हटलं आणि टॅब खणखणीत आवाजात सुरू झाला.

"या, या! माल बघून घ्या! हात लावून बघा!"

जावयाची आई ताठ झाली. अप्पा घाबरून बंद करायचं बटण शोधायला लागले.

"वरून ताजा दिसतोय, आतून कसा निघेल ते मी सांगणार नाही! अजून कोणी वाढवतंय का? नाही? एक वार... दोन वार..."

"बंद करा ते!" जावयाची आई किंचाळली.

"तीन वार! घेऊन जा, परत घेतला जाणार नाही!"

कुलूपवाले पोट धरून हसले, नवरी पदराआड हसून लाल झाली, जावईसुद्धा हसला. लग्न काही मोडलं नाही. पण अप्पा हसले नाहीत. पाहुणे गेल्यावर त्यांनी टॅब उपडा ठेवला आणि मग त्याला हातच लावेनात. काही विचारलं तर नुसती मान हलवायचे. ज्या माणसाच्या बोलण्याने घर भरलेलं असायचं त्याने असं भिंतीकडे बघत बसावं, हे बघून आत्या स्वयंपाकघरात जाऊन रडायची आणि डॉक्टरबाईंनाही जेवण गोड लागेना.

डॉक्टरबाईंनी त्या आवाजांची नक्कल दुसरीकडे काढून ठेवायचा प्रयत्न केला होता. पण वायर जोडली की टॅब मध्येच मान टाकायचा. बोलण्याचं ते ॲप बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. म्हणजे अप्पांचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता, त्या खरचटलेल्या टॅबच्या पोटात. आणि स्पंदनगुरू तर फडक्याखाली हात घालून लोकांचं सगळं सामान पुसत होते, हे पाववाल्या काकांच्या चेहऱ्यावरून त्यांना कळून चुकलं होतं.

"तिथं द्यायचा नाही म्हणजे नाही," त्यांनी घरी येऊन आत्याला बजावलं.

"मग तू कर ना बरा! एवढी मोठी डॉक्टर!"

"मी जनावरांची डॉक्टर आहे गं."

"तेच तर म्हणते," आत्या फणकारली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच लांबच्या एका गोठ्यातून फोन आला. गायींना ताप, एकीमागून एक बसायला लागल्यात. डॉक्टरबाईंनी बॅग उचलली, दवाखान्याला कुलूप घातलं, पिंजऱ्यातल्या बोक्याला खाऊ घालायला किल्ली शेजारी दिली आणि निघाल्या. घाई एवढी की दवाखान्यातल्या टॅबची पिन उपटायची राहूनच गेली. मांजरांच्या पिंजऱ्यामागे तो तसाच चार्जरला लटकत राहिला.

गोठ्यात त्यांचे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी परत आल्या, दवाखाना उघडला आणि त्या बोक्याची नोंद करायला पिंजऱ्यामागून टॅब काढला. हाही त्याच वाचनालयातला, तसाच अपडेटने आडवा झालेला. रोजच्या सवयीने त्यांनी बोट लावलं आणि तो उघडेपर्यंत हात धुवायला वळल्या. वळतात न वळतात तोच टॅब उघडलेला!

"अगंबाई!" डॉक्टरबाई ओल्या हातांनीच उभ्या राहिल्या.

बंद केला, पुन्हा उघडला. सुसाट! कोणी फुंकर घातली नव्हती, कोणी टण्ण वाजवलं नव्हतं. इथं होता तो फक्त बोका, आणि त्याने तर पाठ फिरवून झोप काढली होती.

डॉक्टरबाई मटकन खुर्चीवर बसल्या आणि मग खदाखदा हसायलाच लागल्या. जनावरांच्या डॉक्टरला एक गोष्ट लवकर कळते. निम्मी जनावरं आपोआप बरी होतात, आणि बरं व्हायच्या वेळी ज्याचं औषध पोटात असेल त्याचं नाव होतं. त्यांची स्वतःचीही थोडी कीर्ती अशीच झाली होती. त्यांनी टॅबच्या माहितीत शोधाशोध केली, आणि ते तिथं सरळ लिहिलेलं होतं. नवं अपडेट आलं की टॅबला आतलं सगळं सामान, फोटो, आवाज, कागद, नव्याने लावून घ्यावं लागतं. हे काम तो चार्जिंगला असताना आणि कोणी हात लावत नसताना करतो. आणि या गावात? दिवसभर बोटं, आणि झोपायच्या आधी पिन उपटून बंद! बिचाऱ्याला आवरायला वेळ मिळणार कधी? महिनाभर सगळं गाव आपल्याच हाताने आपला टॅब आडवा पाडत होतं. मौनपीठावर मात्र दोन रात्री चार्जर लावलेला आणि फडक्यामुळे बोट लावायची सोय नाही!

"अप्पा!" त्या ओरडल्या आणि घराकडे धावल्या. आता अप्पांचा टॅबही असाच ठेवायचा, की झालं!

घराला कुलूप. शेजारून कुलूपवाल्यांनी मान बाहेर काढली. "दोघं हॉलवर गेलेत. तुम्ही गोठ्यात गेलात ना, त्याच दिवशी तुमच्या आत्यांनी टॅब नेऊन ठेवला. आज संध्याकाळी मुक्ती आहे म्हणे."

दवाखान्याचा टॅब काखोटीला मारून डॉक्टरबाई पळत सुटल्या.

चपलांच्या रॅकपाशी रांगेने वाट अडवली. "ओ बाई, रांगेत या! आम्ही दुपारपासून उभे आहोत!"

"बाजूला व्हा!" डॉक्टरबाई सवयीने गरजल्या. "गाय अडलीय!"

"जिन्यावर?" टोपड्यावाल्या बाईंनी विचारलं. पण तेवढ्यात लोक सवयीने बाजूला झाले होते आणि डॉक्टरबाई दोन-दोन पायऱ्या चढत वर पोचल्या होत्या.

हॉलमध्ये सगळे डोळे मिटून "हम्म्म्म" करत होते. पहिल्या रांगेत आत्या, हात जोडून, गालांवरून पाणी वाहतंय. शेजारी अप्पा. अख्ख्या हॉलमध्ये डोळे उघडे होते ते एकट्या अप्पांचे. जन्मभर लिलाव केलेला माणूस, माल दुसऱ्याच्या हातात असताना डोळे मिटणार कसा? गुरूंचे हात फडक्याखाली होते आणि अप्पा त्या हातांकडे टक लावून बघत होते.

"अप्पा, घ्या तो!" डॉक्टरबाई दारातूनच ओरडल्या. "पुसतोय तो सगळं!"

अप्पा उठले. या वयात एवढ्या चपळाईने ते उठतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. त्यांनी फडक्यासकट टॅब खेचला. गुरू इकडून ओढतायत, अप्पा तिकडून. चिमटा खाली पडून नको तेव्हा टण्ण वाजला, निळा दिवा गुरूंच्या नाकावर आला. शेवटी फडकं गुरूंच्या हातात राहिलं आणि टॅब अप्पांच्या. अप्पांनी पडद्यावर बघितलं. त्यांनी टॅब लेकीसमोर धरला, आणि डॉक्टरबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"'या टॅबमधली सर्व माहिती कायमची पुसली जाईल. पुढे जायचं?' खाली दोन बटणं. 'रद्द करा' आणि 'पुसा'." त्यांनी 'रद्द करा' दाबलं. "ही तुमची मुक्ती!"

"हम्म्म्म" हळूहळू थांबलं. मागे कोणीतरी अजून गुणगुणत होतं, त्याला बायकोने कोपरखळी मारली.

अप्पांनी बोलण्याचं ॲप उघडलं. क्षणात उघडलं. त्यांनी एका चौकोनावर बोट टेकवलं, आणि त्यांचा तो बाजार हलवणारा आवाज हॉलभर घुमला.

"माल माझा आहे! हात लावायचं काम नाही!"

आत्या डोळे उघडून भावाकडे बघतच राहिली.

आणि गुरूंना पाहा! गड्याने नाकावरचा दिवा कपाळावर सरकवला आणि दोन्ही हात वर केले. "बघितलंत भक्तहो? मुक्याला वाचा फुटली! चमत्कार!"

टाळ्या! पुन्हा टाळ्या! डॉक्टरबाईंना हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना.

"थांबा हो जरा!" त्या व्यासपीठावर चढल्या. "मुक्ती तर झालीच नाही, मी ती रद्द केली. मग हा बरा कशाने झाला? गुरुजी, या फळीवरच्या अजून कितींना तुमचा हात लागलेला नाही?"

"ही पुढची रांग," गुरू चाचरले, "उद्याची आहे."

"मग उद्याची आजच बघू. ज्यांचे टॅब असतील त्यांनी स्वतः येऊन उघडा. डोळे मात्र उघडे ठेवा!"

आधी कोणी हललं नाही. मग शाळेच्या शिपायाने धीर केला. फडकं काढलं, बोट लावलं. "आयला! पळतोय की!" मग न्हावी, मग पोस्टातल्या बाई. टण्ण नाही, हम्म नाही, आणि बहुतेक सगळे टॅब सुतासारखे सरळ!

"हा पीठाचा प्रभाव!" गुरू ओरडले. "या फळीत माझी साधना आहे!"

"असं?" डॉक्टरबाईंनी काखेतला टॅब वर धरला. "हाही तसाच आजारी होता. दोन दिवस मांजराच्या पिंजऱ्यामागे चार्जिंगला पडून होता, आणि हा बघा." त्यांनी उघडून दाखवला. "मग आमच्या बोक्याचीही साधना मोठी म्हणायची का?"

हॉलमध्ये असा हशा पिकला की खाली रांगेतले लोक "काय झालं, काय झालं" करत वर घुसायला लागले. "बोकागुरूंना झगा शिवा रे!" कोणीतरी ओरडलं. गुरू जिन्याकडे सरकले होते, पण जिना तर त्यांच्याच भक्तांनी गच्च भरलेला! खालचे दर्शनासाठी वर ढकलतायत, गुरू पळायला खाली ढकलतायत, आणि दोन पायऱ्यांच्या वर काही त्यांची मजल जाईना. शेवटी ते परत येऊन निमूट खुर्चीवर बसले.

डॉक्टरबाईंनी मग सगळं उलगडून सांगितलं. अपडेटनंतरचं आवरणं, रात्रीच्या उपटलेल्या पिना, दिवसाची बोटं. "फडक्याखाली दोनच उद्योग चालायचे. काही टॅबवर नुसती पडद्याची नखरेबाज हालचाल बंद करायची, म्हणजे तो चपळ वाटतो. आणि जे तरीही अडतील ते सरळ पुसून कोरे करायचे. रिकामी खोली आवरलेलीच दिसणार ना? त्यासाठीच तुमचं गुप्त नाम हवं होतं."

"म्हणजे माझ्या नातीचे फोटो..." पाववाले काका उभे राहिले.

"काका, दुसरीकडे कुठं ठेवले असतील तर मिळतील," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "फक्त यातच असतील तर गेले."

काका खाली बसले. पुढे काही फोटो त्यांच्या मुलाच्या फोनमध्ये सापडले, पण सगळे नाही. गुरूंच्या चमत्काराची काकांनी मोजलेली किंमत ही. लोकांनी पोलीसदादाला बोलावलं. तो आला तेव्हा त्याच्याही काखेत टॅब होता, तो त्याने घाईघाईने टोपीखाली लपवला. तक्रारी मात्र नीट लिहून घेतल्या आणि गुरूंना झग्यासकट चौकीत नेलं.

"आणि एक ऐका," निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या. "काही टॅब खरंच म्हातारे झालेत. ते निवांत ठेवूनही पूर्वीसारखे पळणार नाहीत, आणि त्यांना कोणीच तरुण करणार नाही. तसं असेल तर तसं मान्य करा. आगीची भीती खरी आहे, तर चांगला चार्जर वापरा आणि दिवसा, आपल्या डोळ्यांसमोर लावा. अपडेटच्या आधी नक्कल काढा. आणि जो माणूस तुम्हाला डोळे मिटायला सांगून तुमचं सामान हाताळतो, त्याच्यासमोर डोळे आधी उघडा."

त्या रात्री जेवणाच्याही आधी डॉक्टरबाईंनी वायर जोडली. या वेळी टॅबने मान टाकली नाही. अप्पांचे शब्द एकामागून एक संगणकात उतरले, तिथून आणखी दोन ठिकाणी गेले. शेवटचा उतरला तेव्हा डॉक्टरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. आत्या तर दाराशी उभी राहून हुंदके देत होती.

"माझ्या हाताने दादाचा आवाज घालवला असता गं मी! मला वाटलं, तो पुन्हा बोलेल..."

अप्पांनी तिच्याकडे बघितलं आणि टॅब पुढे ओढला.

"रडूबाई," अप्पांचा आवाज म्हणाला. "चहात साखर घालायला हात दुखतो का?"

आत्या रडता रडता हसली आणि चहा ठेवायला गेली.

मधे बरेच आठवडे गेले. एका सकाळी कुलूपवाल्यांची बायको धापा टाकत आली. "अहो आत्या, ऐकलंत का? पलीकडच्या गल्लीत एक जण गुडघ्यांना चुंबकाचा पट्टा बांधतोय! पोस्टातल्या बाईंचा गुडघा पंधरा दिवसांत दुखायचा राहिला! चला, तुमचेही दुखतात ना?"

आत्याने हातातली भाजी खाली ठेवली. डॉक्टरबाई दवाखान्यात निघाल्या होत्या, त्या दारातच थबकल्या. आता ही चपला घालते की काय, असं त्यांना वाटलं.

"राहिला असेल," आत्या म्हणाली. "पण मला सांग, ज्यांनी पट्टा बांधलाच नाही, त्यांच्या गुडघ्यांचं पंधरा दिवसांत काय झालं?"

"ते कोण विचारतंय?"

"मग आधी ते विचारून ये," आत्याने भाजी पुन्हा हातात घेतली. "आणि आलीस की मलाही सांग, मला खरंच ऐकायचंय."

हा प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही, झगा तर मुळीच लागत नाही. आत्याला जमला. तुम्हालाही जमेल. विचारत जा.